तारीख शिकणारा पोरगा

मच्छिंद्रनं पुढं काय व्हावं हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या मच्छिंद्रला. त्याची माय सखूबाई म्हणायची, मास्तर हो, मास्तराला सावलीत बसायला मिळतं. शेजारची झुंबरबाई म्हणायची, मास्तर होऊन काय दिवे लावायचे? जंगलखात्यात लाग, म्हणजे आपली मेंढरं राखीव रानात घुसली तर धरणारा घरचाच. आणि बाप रायभान? तो कधी काही म्हणालाच नाही. पोरगा मॅट्रिक पास झाला तेव्हा त्यानं अंबडच्या बाजारातून पेढे आणले, धनगरांच्या त्या वस्तीत घरोघर फिरून वाटले आणि सांगितलं, "म्होरं बी शिकवायचं. काय शिकायचं ते त्यालाच म्हाईत." आता हे 'त्यालाच म्हाईत' मोठं वाईट असतं बघा. दुसऱ्यानं काही सांगितलं तर माणूस निदान नाही तरी म्हणू शकतो.

औरंगाबादच्या इंटर कॉलेजात नाव घालायचं ठरलं. निजामाचं राज्य, तेव्हा वरचं शिकणं सगळं उर्दूतून. मच्छिंद्रची उर्दू पक्की होती, बद्रीनाथ मास्तरांनी छडीनं पक्की करून घेतली होती. अडचण भाषेची नव्हतीच. कॉलेजच्या व्हरांड्यात पोरांची रांग लागली होती, टेबलामागं चष्मा लावून मुन्शी बसले होते आणि पुढं येईल त्या पोराला ते एकच विचारत होते, "मजमून?" म्हणजे, विषय कोणते घेणार? ज्याला डॉक्टरकीकडं जायचं त्यानं शास्त्राचे घ्यायचे, ज्याला इंजिनेर व्हायचं त्यानं गणिताचे, इतकी सोपी गोष्ट. पण त्याला आधी कुठं जायचंय ते ठाऊक पाहिजे ना! रांग पुढं सरकतच होती. कुणाला विचारावं तर तो म्हणायचा, बापाचा एवढा खर्चा करून इथवर आलास आणि विषय ठाऊक नाहीत?

पुढं जालन्याचा केशव नावाचा पोरगा उभा होता. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेला भांग. त्याचा बाप कचेरीत, चुलता कचेरीत, आजाही कचेरीतच होता म्हणे. त्यानं खिशातला हातसुद्धा बाहेर न काढता सांगितलं, "तारीख, मआशियात, फारसी." मुन्शींनी लिहून घेतलं आणि मान वर केली. "मजमून?"

"तारीख, मआशियात, फारसी," मच्छिंद्र म्हणाला.

"सोच लिया?"

"जी."

विचार! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय? मआशियात म्हणजे अर्थशास्त्र, हे त्याला वर्ग सुरू झाल्यावर कळलं. तारीख म्हणजे इतिहास, हे मात्र ठाऊक होतं. उर्दूत इतिहासाला तारीखच म्हणतात. कुठल्या नवाबानं कुणाला हरवलं आणि कुठल्या बादशहाची गादी कुणाकडं गेली हे तो मुकाट्यानं पाठ करायला लागला. आवडत होतं म्हणावं तर तसं नाही, नावडत होतं म्हणावं तर तसंही नाही. बाकीची पोरं चहाच्या दुकानात बसून, मी हा होणार, मी तो होणार, अशा गप्पा ठोकायची. मच्छिंद्र तेव्हा बशीत चहा ओतून फुंकत बसायचा. विषय बदलून घ्यायला दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत मुभा होती. पण बदलून काय घ्यायचं, तेही त्याला सुचेना.

दसऱ्याच्या सुट्टीत तो घरी आला. रायभान दारापुढं बसून मेंढीची लोकर कातरत होता. पोराला बघून त्याला कोण आनंद झाला, पण धनगराचा गडी, दाखवतोय कशाला! कातर चालू ठेवूनच त्यानं विचारलं, "काय शिकवून राह्यले रं तिथं?"

"तारीख," मच्छिंद्र म्हणाला. तीन विषयांतला तोच काय तो सांगण्यासारखा.

कातर थांबली. "काय शिकवून राह्यले?"

"तारीख."

"कालिजात तारीख शिकवतेत?"

"हां."

रायभाननं मेंढीच्या पाठीवरचा हात काढला. मेंढी अर्धी कातरलेली तशीच उठून गेली, तरी त्याचं ध्यान नव्हतं. त्याचं काय होतं, वस्तीमागच्या गायरानात गावच्या पाटलानं नांगर घातला होता. चराई गेली ती गेलीच, वर पाण्यावर जायची वाटसुद्धा बंद झाली. रायभाननं वस्तीच्या वतीनं अंबडच्या मुन्सफीत दावा लावला होता. तेव्हापासून कोर्टातली एकच चीज त्याला नीट माहीत झाली होती, ती म्हणजे तारीख. दर खेपेला मुकुंदराव वकील उठायचे, मुन्सफसाहेबांपुढं उर्दूत दोन वाक्यं बोलायचे आणि बाहेर येऊन सांगायचे, "रायभान, तारीख मिळाली." रायभानच्या हिशेबी सगळी वकिली या एका शब्दात होती. आणि तोच शब्द सरकार आता कॉलेजात शिकवत होतं, त्याच्या पोराला!

"म्हंजी वकिलीच की रं!" रायभान म्हणाला. "आसं सांग की मंग!"

इथं बोलायचं होतं. 'आबा, ती तारीख न्हवं, ही जुन्या राजांची तारीख,' एवढं एक वाक्य. शेंबड्या पोरानंसुद्धा सांगितलं असतं. मच्छिंद्रनं तोंडही उघडलं होतं. पण नाही म्हटलं की बापाचा पुढचा सवाल ठरलेला होता, मंग तू व्हणार काय? आणि त्याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. त्या सवालाच्या भ्यानं या शहाण्यानं मिठाची गुळणी धरली. बापाला वाटलं, पोरगा लाजून राह्यला.

मग काय विचारता! संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं, मच्छिंदर तारीख शिकून राह्यला. झुंबरबाई आली आणि दोन्ही हातांनी त्याच्या कानशिलांवरून बोटं मोडून म्हणाली, "अगं माय! मंग ऱ्हाऊ दे ते जंगलखातं. हेच बरं." तिच्या भावकीत बांधाचं भांडण होतं, तेही तिनं तिथंच त्याच्या कानावर घातलं. कुणी म्हातारा आला, त्यानं जावयाची तक्रार सांगितली. मच्छिंद्र मान डोलावत बसला. एकदा मान डोलावली की दुसऱ्यांदा डोलवायला त्रास पडत नाही, हे त्याला कळलं आणि स्वतःचीच किळस आली. सखूबाई घडीघडी येऊन त्याच्या ताटात तूप वाढत होती. ते तूप तो भाकरीनं ताटाच्या कडेला सारत होता.

पण खरी गंमत पुढं होती. सुट्टी सरायच्या आतच दाव्याची तारीख होती, आणि आदल्या दिवशी रायभान म्हणाला, "या बारीला मुकुंदराव नको. म्या त्यायला सांगितलंच न्हाई."

मच्छिंद्रच्या पायाखालची वाळू सरकली. "कामून?"

"तू हाईस की."

"आबा, आसं न्हाई चालत. कोर्टात वकील लागतो."

"मुकुंदराव तरी काय करून राह्यले इतके दिस? तारीखच मागतेत ना? ती तर तू कालिजातून शिकून आलास."

रायभानचं बोलणं त्याच्या परीनं बिलकुल बराबर होतं. मच्छिंद्र म्हणाला, "मी आजून पुरती शिकलो न्हाई." म्हणजे बघा, खरं बोलायचं सोडून खोट्यावर आणखी एक खोटं!

"जितकी शिकलास तितकी बोल," बाप म्हणाला. "म्या बाजूला हावच."

सकाळी दोघं निघाले. रायभाननं धुतलेलं धोतर नेसलं होतं, लाल पटका बांधला होता आणि खांद्यावर लग्नकार्यालाच काढतात ती घोंगडी टाकली होती. वाटेत जो भेटेल त्याला तो स्वतःहून सांगत होता, "कोर्टात चाललो. पोरगा बोलनार हाय." माणसं मच्छिंद्रकडं बघायची आणि रामराम घालायची. त्याच्या बापाच्या वयाची माणसं! मच्छिंद्रला वाटायचं, आता सांगावं, या बाभळीपाशी सांगावं, त्या नाल्यापाशी सांगावं.

"आबा."

"काय रं?"

"काई न्हाई. ऊन लई झालं."

बाभूळ मागं पडली, नालाही मागं पडला, आणि अंबडची घरं दिसायला लागली. बाप पुढं असा ताठ चालत होता, की त्या पाठीकडं बघून मच्छिंद्रला बोलवेना.

कोर्टापुढं ही गर्दी. पाटलाची माणसं आधीच येऊन बसली होती. पुकारा झाला तसे बाप-लेक आत गेले. मुन्सफसाहेबांनी विचारलं, "वकील कहाँ हैं?"

रायभान हात जोडून पुढं झाला. त्याची उर्दू बाजारातली, पण आज त्यानं ती वाटेनं घोकून आणली होती. "साब, आज वकील नको. ये मेरा बेटा. औरंगाबाद के कालिज में तारीख सीखता."

पेशकार, म्हणजे साहेबांचा कारकून, लिहिता लिहिता थांबला. मुन्सफसाहेबांनी चष्मा काढला. ते काही वाईट माणूस नव्हते, त्यांना खरंच समजलं नव्हतं. "क्या पढ़ते हो, बेटे?"

"तारीख, साहब," मच्छिंद्र म्हणाला.

"कौन सी तारीख?"

"तारीख-ए-दकन, साहब." दख्खनचा इतिहास! वर्गात शिकवला होता तोच शब्द त्याच्या तोंडून सरळ बाहेर पडला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पेशकाराला कळलं. हजरजबाबी माणूस होता तो. म्हणाला, "बड़े मियाँ, आपका बेटा तो बादशाहों की तारीख पढ़ता है, आपको पेशी की चाहिए! आज कौन सी दें?"

आणि जो हशा उसळला म्हणता! वकील हसले, चपराशी हसला, साहेबांनी तोंडापुढं रुमाल धरला. पाटलाच्या माणसांना विनोद कळला नव्हता, तरी ती सगळ्यांत मोठ्यानं हसली.

आणि मच्छिंद्र हसला.

मोठ्यानं नाही. नुसतं ओठांतल्या ओठांत. पेशकारानं त्याच्याकडं बघितलं आणि त्यानं पेशकाराकडं बघून हसून दाखवलं. शिकलेली माणसं अडाण्याच्या डोक्यावरून एकमेकांकडं बघून हसतात ना, तसं. मला कळलाय हं विनोद, मी तुमच्यातला, याच्यातला नव्हे. हे सगळं त्या हसण्यात होतं आणि हसता हसताच त्याला ते कळलं. पण तोंडावरचं हसू काढायचं कसं? ते तिथंच राहिलं.

त्याच तोंडानं त्यानं बापाकडं बघितलं. रायभानही हसत होता. हात जोडलेले, पटका सरळ आणि तोंडभर हसू. त्याला अक्षर कळलं नव्हतं. पोरगा हसतोय म्हणजे काहीतरी चांगलंच झालं असेल, साहेब खूश झाले असतील, इतकंच त्याला कळत होतं. मग त्यानं पाटलाच्या माणसांकडं बघितलं. मग परत पोराकडं बघितलं. आणि मच्छिंद्रच्या डोळ्यांदेखत बापाचं हसू उतरत उतरत गेलं.

मुकुंदराव वकील दुसऱ्या कामासाठी आले होते, ते मागच्या बाकावरून उठले. तेही हसले होते, पण त्यांना त्याची लाज वाटली असावी. जवळ येऊन हलकेच म्हणाले, "रायभान, अरे, उर्दूत इतिहासाला तारीख म्हणतात. जुन्या राजांची हकीकत. कायद्याशी त्याचा काही संबंध नाही. पोरानं सांगितलं नाही का तुला?"

सगळ्यांना उत्तर ऐकायचं होतं. रायभाननं पोराकडं बघितलं. पोरगा फरशीकडं बघत होता.

"सांगितलं व्हतं, वकीलसाब," रायभान म्हणाला. "त्यानं बराबर सांगितलं व्हतं. माह्याच टकुऱ्यात शिरलं न्हाई. आमी आडानी मानसं." मग साहेबांकडं वळून त्यानं पुन्हा हात जोडले. "पोराची काई चूक न्हाई, साब. गलती मेरी."

मच्छिंद्रला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. धरणी कशाला घेते! मुकुंदरावांनीच मग साहेबांना अर्ज केला, आणि पुढची तारीख मिळाली.

परतीच्या वाटेवर रायभान पुन्हा पुढंच चालत होता. नाल्यापाशी त्यानं फडक्यातली भाकरी सोडली, मोठा तुकडा पोराच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "खाय. सकाळपासून उपाशी हाईस." शिव्या दिल्या असत्या तर मच्छिंद्रला चाललं असतं. काठी हाणली असती तरी चाललं असतं. ती भाकरी मात्र त्याला चावता येईना आणि टाकताही येईना. का हसलास, हे बाप विचारेल म्हणून तो वाट बघत राहिला. बापानं विचारलं नाही.

वस्तीवर माणसं लिंबाखाली जमलेलीच होती. झुंबरबाई लांबूनच ओरडली, "काय म्हणले मुन्सफसाहेब?"

रायभाननं घोंगडी खाली ठेवली. "पोरगा बोलला," तो म्हणाला. "साहेबानं चष्मा काढून ऐकलं. तारीख मिळाली."

म्हणजे शब्द न् शब्द खरा! माणसं खूश झाली. एकानं मच्छिंद्रच्या पाठीवर थाप मारली. सखूबाई आतून भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली, कोर्टात बोलून आलेल्या लेकाची दृष्ट काढायला. तिचा चेहरा असा फुलला होता आणि हात असा वर उठला होता, की मच्छिंद्रला ते सोसेना.

"थांब, माय," तो म्हणाला. "मी काई बोललो न्हाई तिथं. मी वकिली शिकून न्हाई राह्यलो. मी शिकतो ती तारीख म्हंजी मेलेल्या राजायच्या गोष्टी. आबाला म्या कधीच सांगितलं न्हाई. तिथं समदं कोर्ट आबावर हासलं." त्यानं मान खाली घातली. "आन् मी बी हासलो."

बोलून झालं आणि त्याला एकदम हलकं वाटलं. किती दिवसांचा दगड छातीवरून उतरला. पण दगड उतरतो तेव्हा कुठंतरी पडतोच की. तो कुठं पडला हे त्यानं मान वर केल्यावर बघितलं. बापाचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं.

"तिथं हासला तो हासला," रायभान दबक्या आवाजात म्हणाला. "हितं कामून सांगितलं? म्या तिथलं तिथंच मिटवून आल्तो."

खरंच होतं ते. बाप पोरासाठी भर कोर्टात खोटं बोलला होता, वस्तीवर येऊन त्यानं पोरासाठीच खरं बेतून सांगितलं होतं. पोरानं आपलं मन मोकळं करायला त्याला त्याच्याच माणसांत उघडं पाडलं. दिवसातून दुसऱ्यांदा! सखूबाईचा हात भाकरतुकड्यासकट तसाच खाली आला.

"आबा, मी..."

"आता बोलायलाच लागलास तर समदं बोल," रायभान म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. "ती तारीख तू घेतली कामून? तुला गोडी व्हती तिची?"

"न्हाई."

"मंग मास्तरनं सांगितलं?"

"न्हाई."

"कुनीतरी सांगितलंच आसंल की!"

कॉलेजात, कोर्टात, वाटेवर जे मच्छिंद्रनं पोटात दाबून धरलं होतं, ते त्याला या सगळ्यांपुढं बोलावं लागलं. "रांगंत माह्या म्होरं येक पोरगा व्हता. त्यानं तारीख म्हणलं, म्हून म्या बी म्हणलो. मला काय व्हायचं हाय तेच मला कळत न्हाई, आबा."

रायभान पोराकडं बघत राहिला. बाजारात जनावर पारखताना बघतात तसं, पायापासून डोक्यापर्यंत. त्याचा राग गेला होता. राग गेल्यावर जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. त्यानं खाली ठेवलेली घोंगडी उचलून परत खांद्यावर टाकली.

"उमरभर मेंढरं राखली म्या," तो म्हणाला. "त्यातलं येक कालिजात गेल्तं, ते आज कळलं."

लिंबाखाली कुणीच हसलं नाही. येता-जाता प्रत्येकाची फिरकी घेणारी झुंबरबाईसुद्धा पदर तोंडाला लावून खाली बघत राहिली. हसले असते तर बरं झालं असतं, असं मच्छिंद्रला वाटलं.